विचारा, सांगते : कुऱ्हाड, पाचर आणि बेगमीची लाकडं

माघ संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. मोहोराचे प्रश्न मागे पडतात, लाकडांचे सुरू होतात. घरोघरी गॅस आला, तरी न्हाणीतलं पाणी, भात उकडणं, लग्नकार्यातला मोठा स्वयंपाक हे सगळं आमच्याकडे अजून लाकडांवरच चालतं, आणि आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या, आधी पडवी भरलेली नसली तर जीव थाऱ्यावर राहत नाही. माझ्या वडिलांची राजापूरला जळाऊ लाकडांची वखार होती. शाळा सुटली की मी तिथेच असायचे. तिथे लाकडं फोडणाऱ्या मामांनी मी बारा वर्षांची असताना माझ्या हातात पहिली कुऱ्हाड दिली. आज एकसष्टाव्या वर्षीही घरची लाकडं मीच फोडते. आलेल्या पत्रांतली पाच निवडली आहेत. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर.

निवृत्तीनंतर मुंबई सोडून आम्ही गुहागर तालुक्यातल्या गावच्या घरी राहायला आलो. शेजाऱ्यांनी ऐन आणि किंजळ यांचे ओंडके दिले. हार्डवेअरच्या दुकानातून चांगली धारदार कुऱ्हाड आणली, पण घाव घातला की पातं लाकडात रुतून बसतं. ते ओढून काढण्यातच दम जातो. कुऱ्हाड चुकीची आहे की माझी ताकद कमी पडते?

भाऊ, ताकदीचा प्रश्न नाही. तुमच्याकडे तोडायची कुऱ्हाड आहे आणि तुम्ही तिच्याकडून फोडायचं काम करून घेताय. तोडताना पातं लाकडाच्या धाग्यांना आडवं जातं, तिथे पातळ आणि तिखट धार लागते. फोडताना धागे कापायचेच नसतात, ते एकमेकांपासून बाजूला ढकलायचे असतात. ते काम धारेच्या मागची जाडी करते. पातळ पातं सुरीसारखं आत शिरतं आणि दोन्हीकडून लाकूड त्याला आवळून धरतं. जाड पातं दोन बोटं शिरलं की लाकूड उलतं.

दुकानातली कुऱ्हाड फांद्या छाटायला ठेवा. फोडायची लोहाराकडून करून घ्या आणि त्याला 'लाकडं फोडायची, गालांना जाड' असं स्पष्ट सांगा. माझी कुऱ्हाड नेढ्यापाशी, म्हणजे दांडा बसतो त्या भोकापाशी, अडीच इंच जाड आहे आणि धारेकडे पाचरीसारखी उतरत जाते. दांडा सोडून तिचं वजन दोन किलोला जरा कमी भरतं. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यापासून चांगले कोयते होतात, पण फोडायच्या कुऱ्हाडीला तो पाटा एकेरी पुरत नाही. दोन पाटे जोडून देतो असं कोणी म्हणालं तर तो जोड नीट बघून घ्या, मला तरी अखंड लोखंडाचीच कुऱ्हाड पटते. धारेला पाणी किती द्यायचं, म्हणजे तापवून बुडवून ती किती कडक करायची, ते लोहारावर सोडा, फक्त 'कडक नको' एवढं सांगा. फार कडक पाणी दिलेली धार ऐनाच्या गाठीवर खापरीसारखी उडते. थोडी मऊ धार वाकते, ती कानशीने दहा मिनिटांत सरळ होते.

हल्ली ऑनलाइन साडेतीन किलोपर्यंतची, मागून घणासारखी असणारी कुऱ्हाड मिळते. धिप्पाड माणसाला आणि मोठ्या ओंडक्यांना ती चांगली. तुम्ही नव्याने सुरुवात करताय, म्हणून ती घेऊ नका. जड कुऱ्हाड पंधराव्या घावाला हातातून भरकटते, आणि भरकटलेली दोन किलोचीही पाय फोडू शकते.

दांडा धामणीच्या लाकडाचा मिळाला तर दुसरा बघू नका. धामण लवचीक असते, घावाचा हिसका खांद्यापर्यंत येऊ देत नाही. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटापर्यंत येईल एवढा दांडा ठेवा. माझ्या उंचीला तो तीस इंच भरतो. विकत घेताना दांड्याचं टोक बघा. टोकावरच्या रेघा पात्याच्या दिशेने उभ्या जाणाऱ्या हव्यात, आडव्या असतील तर तो कधीतरी मोडणार. आणि दांड्यावर रंग किंवा जाड पॉलिश असेल तर काचेने खरवडून काढा. त्याखाली गाठ लपवलेली असते आणि घामेजल्या हातात तो सटकतो.

आता लाकडाविषयी, कारण निम्मं काम तिथे आहे. ऐन ओला असताना फोडा. ऐन पूर्ण वाळला की त्याच्यावर कुऱ्हाड वाजते, शिरत नाही. सुरू आणि निलगिरी यांचंही तेच. निलगिरीचे धागे पिळदार असतात, वाळल्यावर ते आणखी आवळतात. तोडल्यापासून दीड-दोन महिन्यांत काम उरका. आंब्याचं तसं नाही. सरळ आंबा ओला फोडा की वाळलेला, तो तुमचं ऐकतो.

मामा ओंडका उभा करायचे आणि कुऱ्हाडीच्या पाठीने त्याच्या माथ्यावर दोन-तीन ठिकाणी टकटक करायचे. मग अंगठा ओला करून माथ्यावरून फिरवायचे. ओला अंगठा फिरला की बारीक भेगा काळ्या होऊन दिसतात. मधल्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या, सूर्याच्या किरणांसारख्या. वाळताना लाकूड घेराच्या दिशेने जास्त आक्रसतं, म्हणून ते गाभ्यापासून बाहेर असंच तडकतं. मामा त्यांतली सगळ्यात लांब भेग निवडायचे आणि घाव नेमका तिच्यावर, तिच्याच दिशेने घालायचे. भेगेला आडवा घाव कधी नाही. मी वखारीत वर्षानुवर्षं पाहिलं आहे, तरणी पोरं घामाघूम होऊन पाच घाव घालायची आणि मामा अंगठा फिरवून एका घावात ओंडका उघडायचे.

तुमचे ओंडके वीतभरापेक्षा जाड असतील तर मध्यावर घाव घालूच नका. कडेने सुरुवात करा. सालीपासून तीन-चार बोटं आत, कडेला समांतर घाव घाला, एक ढलपी निघेल. मग ओंडका थोडा फिरवा, दुसरी काढा. चौफेर ढलप्या निघाल्या की मधला गाभा ठोकळ्यासारखा उरतो, तो दोन घावांत फुटतो. गाठ असेल तर ती बाजू खाली ठेवा, म्हणजे भेग सरळ लाकडात सुरू होते आणि गाठीपर्यंत जाईस्तोवर तिला जोर आलेला असतो. दुबेळकं असेल तर बुंध्याकडची बाजू वर करा आणि भेग दोन्ही फांद्यांना मधोमध चिरत जाईल असा घाव घाला.

पातं रुतलंच तर दांडा डावी-उजवीकडे पिळू नका, तो नेढ्यात मोडतो. दांड्याच्या टोकावर तळहाताने वरून खाली ठोका, पातं वर-खाली हलून सुटतं. आणि रुतलेल्या कुऱ्हाडीच्या पाठीवर दुसरी कुऱ्हाड कधीही मारू नका. पोलादावर पोलाद आपटलं की बारीक कपची उडते, आणि ती डोळ्यात गेली तर डोळा जातो.

माझं वय ५४. घरात लाकडं फोडणारं दुसरं कोणी नाही. दोन दिवस काम केलं की उजवा खांदा आणि कंबर आठवडाभर दुखते. बायकांनी हे काम करू नये असं सासूबाई म्हणतात. काही सोपी रीत आहे का? (एक वाचिका, देवरुख)

ताई, सासूबाईंना तुमची काळजी वाटते, पण या कामात बाई-पुरुष काही नसतं. तुमचा खांदा दुखतो याचा अर्थ तुम्ही कुऱ्हाड खाली दाबताय. ती दाबायची नसते. वर नेताना कष्ट तुमचे, खाली येताना वजन तिचं. एक हात दांड्याच्या शेवटी घट्ट, दुसरा पात्याजवळ. कुऱ्हाड वर नेताना वरचा हात पात्यापाशीच असू द्या, म्हणजे वजन अंगाजवळ राहतं. खाली आणताना तोच हात दांड्यावरून घसरवत खालच्या हाताला आणून भिडवा. शेवटच्या क्षणाला गुडघे थोडे वाकवा आणि ढुंगण मागे घ्या, जणू पाटावर बसताय. त्या वाकण्याने घावाला जोर येतो आणि कंबर वाचते.

दुसरी गोष्ट उंचीची. जमिनीवर ओंडका ठेवून फोडलं की कंबर मोडते आणि चुकलेला घाव दगडावर बसून धार जाते. खाली एक रुंद, जड बुडखा घ्या, तुमच्या गुडघ्यापेक्षा थोडा ठेंगणा. त्यावर फोडायचं लाकूड ठेवताना अलीकडच्या कडेला न ठेवता पलीकडच्या कडेला ठेवा. हे का सांगते ते लिहिते. मी एकोणीस वर्षांची होते. बहिणीच्या लग्नाची लाकडं होती, घाई होती, लाकूड मी बुडख्याच्या अलीकडच्या कडेवर ठेवलं होतं. घाव सालीवरून घसरला, कुऱ्हाड बुडखा चुकवून डाव्या नडगीवर आली. नशिबाने पातं तिरपं होतं, मांस कापलं पण हाड राहिलं. अकरा टाके पडले. लग्नात मी पडवीतल्या बाजेवर पाय वर करून होते आणि वडील दर थोड्या वेळाने येऊन काही न बोलता माझ्याकडे बघून जात होते. लाकूड पलीकडच्या कडेवर असतं तर चुकलेला घाव बुडख्यात रुतला असता. पाय खांद्याएवढे फाकवून, दोन्ही एका रेषेत ठेवा, एक पुढे एक मागे असं नको. आणि आमच्याकडे पायाने ओंडका दाबून फोडायची सवय पुष्कळांना आहे. तिने किती जणांची बोटं गेली ते मी वखारीत पाहिलंय. तसं कधीच करू नका.

लाकूड उभं राहत नसेल तर स्कूटरचा जुना टायर बुडख्यावर ठेवा आणि तुकडे त्यात उभे करा. फुटलेले तुकडे उडून लांब जात नाहीत, दर वेळी वाकून गोळा करायला लागत नाहीत. माझी निम्मी कंबरदुखी या टायरने गेली.

आणि दोन दिवसांत बेगमी संपवायची नाही. रोज सकाळी ऊन चढायच्या आधी वीस मिनिटं. फुटायला राजी नसलेला ओंडका बाजूला ठेवून द्या. त्याच्याशी अर्धा तास झगडण्यापेक्षा त्या वेळात दहा सरळ लाकडं होतात, आणि खांदा बहुतेक वेळा त्या एका ओंडक्यावरच जातो. तरीही आठवड्यापेक्षा जास्त दुखलं, हात वर जाईना, तर लाकडं राहू देत, आधी डॉक्टरांना दाखवा.

आमचा दापोलीजवळ छोटा होमस्टे आहे. गेल्या पावसात अंगणातलं जुनं आंब्याचं झाड उन्मळून पडलं. फांद्या संपल्या, पण खोड दोन हात जाड आहे. मोटरवर चालणारं, फिरत्या स्क्रूचं लाकूडफोडी मशीन घ्यावं असं मित्र म्हणतो. मी २६ वर्षांचा आहे, ताकद आहे, पण कुऱ्हाडीने हे होईल असं वाटत नाही.

बाळा, तुझं बरोबर आहे, दोन हातांचं खोड नुसत्या कुऱ्हाडीने होत नाही. ते घण आणि पाचरींचं काम आहे. पण पहिली गोष्ट, उशीर करू नकोस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात तुमच्या दापोली-मंडणगडाकडे किती झाडं गेली ते तू पाहिलंच असशील. त्यातल्या ज्या आंब्यांची खोडं लोकांनी त्याच हिवाळ्यात फोडली, त्यांची वर्षं-दीड वर्षं चूल चालली. ज्यांनी 'बघू पुढे' म्हणून पालापाचोळ्यात पडू दिली, त्यांना वाळवी आणि भुगा मिळाला. जमिनीला टेकलेला आंबा दोन पावसाळे टिकत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं स्वतःच्या जागेत असली तरी तोडायला परवानगी लागते, १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने. तुझं झाड पडलेलं आहे, तरी वनरक्षकाला दाखवून ठेव, फोटो काढून ठेव. लाकूड गाडीत घालून दुसरीकडे न्यायचं असेल तर आधी वनखात्यात विचार.

आता काम. चेनसॉवाल्याला बोलावून खोडाचे दीड-दीड फुटांचे आडवे गोल पाडून घे. चूल मोठी असली तरी याहून लांब नको, लांबी वाढली की फोडायला लागणारा जोर दुपटीने वाढतो असं हाताला वाटतं. लोहाराकडून तीन लोखंडी पाचरी करून घे. वीतभर लांब, डोक्याकडे दीड-दोन इंच जाड. पाच किलोचा घण. गोल आडवा न पाडता उभाच ठेव, माथ्यावरची सगळ्यात लांब भेग शोध आणि पहिली पाचर कडेपासून चार बोटं आत, त्या भेगेतच धर. आधी हलके तीन-चार ठोके, पाचर स्वतःच्या पायावर उभी राहिली की मग जोराचे. भेग पुढे सरकली की तिच्याच रेषेत पलीकडे दुसरी. पाचर ओल्या लाकडातून उसळून बाहेर येत असेल तर तिच्या अंगाला चिमूटभर कोरडी माती चोळ, धरते.

हे काम करताना कान उघडे ठेव. लाकूड फुटायच्या आधी आतून कुरकुरतं. तो आवाज आला की घण खाली ठेवून थोडं थांब. पुष्कळदा भेग त्या थांबण्यातच तळापर्यंत जाते आणि दोन घाव वाचतात. मध्ये काही धागे दोन्ही अर्ध्यांना बांधून ठेवतात, ते तोडायच्या पातळ कुऱ्हाडीने काप. हात त्या फटीत घालायचा नाही. पाचर निसटली की फट मिटते.

पाचरीचं डोकं घणाखाली हळूहळू छत्रीसारखं पसरतं आणि त्याच्या कडा फाटतात. त्या कडा उडतात. दर दोन-तीन दिवसांनी ग्राइंडरने किंवा कानशीने त्या काढून टाक. डोळ्यांना वेल्डरचा साधा चष्मा लाव, काळा नव्हे, पांढऱ्या काचेचा.

मशीनविषयी मी स्पष्ट सांगते, फिरत्या स्क्रूचं घेऊ नकोस. लाकूड अडकलं तर स्क्रूबरोबर ते सबंध लाकूड फिरतं आणि हाताला फटका बसतो. हातमोजा, टॉवेल, ओढणी, लुंगीचं टोक, काहीही त्यात गेलं की ते थांबत नाही, आणि तुझ्या अंगणात पाहुण्यांची मुलं खेळत असतात. दाबाने ढकलणारं, हायड्रॉलिक मशीन निराळं. ते सावकाश चालतं, हात सोडला की थांबतं. पण एका झाडासाठी ते विकत घेण्याएवढं काम नाही. रोजाने मिळालं तर दोन दिवस आण. नाहीतर तू आणि तुझा मित्र, सकाळचे दोन तास, पंधरा दिवसांत खोड संपेल.

आम्ही बार्शीकडचे. आमच्याकडे ऐन-किंजळ नाही, वेडी बाभूळ आहे. वेडीवाकडी, काटेरी. फोडायला कुऱ्हाड चालत नाही. काय करावं?

फोडूच नका. वेड्या बाभळीचं जळण उत्तम, निखारा टिकतो, पण तिच्यात वीतभर सरळ लाकूड मिळणं मुश्कील. मनगटाएवढी जाड असेपर्यंत ती तोडा, हातकरवतीने किंवा चेनसॉने हातभर लांबीचे तुकडे करा आणि तशीच वाळवा. देशी बाभळीचा मात्र सरळ बुंधा मिळाला तर तो ओला असताना फोडा, वाळल्यावर फोडताना दमछाक होते. काटे तोडतानाच कोयत्याने झाडून एका जागी जाळा. हातात घुसलेला काटा आत मोडला की पिकतो, तेव्हा जाड चामड्याचे मोजे आणि बूट हवेतच.

लाकडं फोडून दोन महिने झाले तरी धूर होतो, डोळे चुरचुरतात. वाळलंय की नाही ते कसं ओळखायचं? आणि कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की आमच्याकडे कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात, ते बरोबर आहे का? (एक वाचिका, कणकवली)

ताई, धूर म्हणजे पाणी. ताज्या लाकडात पुष्कळदा वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं, आणि ते उडवण्यातच चुलीची आग खर्ची पडते. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. वाळलेले टणटण वाजतात, ओले धप्प. पण मी याहून पक्की रीत वापरते. ढिगातला एक तुकडा निवडून त्याला लाल दोरी बांधते आणि भाजीच्या लटकत्या काट्याला लावून दर रविवारी वजन करते, खडूने भिंतीवर लिहिते. गेल्या वर्षीचा ऐनाचा तुकडा माघात ४ किलो २०० ग्रॅम होता, वैशाखाच्या मध्यावर २ किलो ९०० वर आला आणि तिथेच थांबला. सलग तीन रविवार वजन हललं नाही की मी ढीग पडवीत घेते.

तुमची लाकडं दोन महिन्यांत वाळली नाहीत, ती बहुतेक भिंतीला चिकटवून आणि जमिनीवर रचली असणार. खाली चिऱ्यांच्या दोन ओळी ठेवा, वर बांबू, मग लाकडं. भिंतीपासून वीतभर जागा सोडा. माथ्यावर झावळ्या किंवा पत्रा चालेल, पण बाजू प्लास्टिकने गुंडाळू नका, वारा अडला की बुरशी. जमिनीपासून उंच ढीग असला की खालून झाडूही फिरवता येतो. पावसाळ्यात ढिगात फुरशासारखा विषारी साप असू शकतो. लाकूड काढायच्या आधी काठीने आपटा, अंधारात हात घालू नका, बॅटरी घ्या. बिब्ब्याचं आणि कण्हेरीचं लाकूड चुलीत घालू नका, आणि काजूच्या बियांची टरफलंही नकोत. त्यांचा धूर बाधतो. रंगवलेलं फर्निचर, प्लायवूड यांचंही तेच.

बादलीचं. ती रीत मी माहेरीही पाहिली आहे, वडिलांना ती आवडत नसे. पाण्याने दांडा नेढ्यात फुगतो, सकाळी घट्ट वाटतो. पण फुगताना त्याचे धागे लोखंडावर चेपले जातात, वाळल्यावर तो आधीपेक्षा जास्त आक्रसतो. दोन-तीन वेळा असं केलेला दांडा एखाद्या दुपारी घाव घालताना पातं सोडून देतो, आणि सुटलेलं पातं कुठे जाईल ते कोणाच्याही हातात नसतं. त्याऐवजी दांडा उतरवा, डोक्याकडचं अर्धा इंच कापून टाका, उरलेल्या, न चेपलेल्या लाकडावर पातं पुन्हा बसवा. वरून दांड्याला करवतीने उभी चीर द्या, तिच्यात ऐनाची वाळलेली पाचर ठोका, तिच्या वर एक बारीक लोखंडी आडवी. मग कुऱ्हाड डोकं वर करून उभी ठेवा आणि नेढ्यातून दिसणाऱ्या दांड्याच्या टोकाला जवसाचं तेल लावा, तीन दिवस, रोज थोडं. तेल आत शिरतं, पाण्यासारखं उडून जात नाही. काम सुरू करायच्या आधी दर वेळी पातं हाताने हलवून बघा. केसभर जरी हललं तरी त्या दिवशी कुऱ्हाड उचलायची नाही.